चित्रपटांचा चिल्लर खजिना

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे हडपसर मागें पडतें आणि वीस किलोमीटरच्या आंतच लोणी काळभोर हें गांव लागतें. मुळा-मुठेचें पाणी, उंसाचे मळे, जवळच रामदऱ्याचें देवस्थान, आणि थोडें पुढें गेलें कीं ज्या थेऊरास थोरल्या माधवराव पेशव्यांनीं १७७२ सालीं देह ठेविला तें चिंतामणीचें क्षेत्र, अशी या गांवाची जुनी ओळख. परंतु गेल्या अर्धशतकांत त्यास आणखी एक ओळख लाभली आहे. नट-दिग्दर्शक राज कपूर यांनीं येथें नदीकांठीं मळा घेतला, त्याचें नांव 'राजबाग' ठेविलें, आणि १९७८ सालीं पडद्यावर आलेल्या 'सत्यम् शिवम् सुंदरम्' या चित्रपटाचें बरेंचसें चित्रण याच मळ्यांत केलें. पुढें मळा कपूर कुटुंबाकडून दुसऱ्याच्या हातीं गेला. आज तेथें एमआयटी संस्थेचें विद्यापीठ उभें आहे आणि त्याच्या आवारांत राज कपूर यांचें स्मारक आहे. त्यांच्या भूमिकांचे पुतळे आणि चित्रपटांतील प्रसंगांचीं छायाचित्रें तेथें मांडून ठेविलीं आहेत. वडील माणसें एखाद्या चित्रासमोर थबकतात, बरोबरचीं मुलें "हे कोण?" म्हणून विचारतात, आणि मग आजोबांना 'आवारा' पाहिल्याची हकीकत सांगावी लागते.

आतां याच गोष्टीची दुसरी बाजू पाहावी. राज कपूर यांनीं १९४८ सालीं 'आर. के. फिल्म्स' ही संस्था काढली व पुढें मुंबईस चेंबूर येथें स्वतःचा स्टुडिओ उभारिला. एका हातांत व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर रेललेली नायिका, ही १९४९ च्या 'बरसात' चित्रपटांतली आकृति त्या संस्थेची मुद्रा झाली. त्या स्टुडिओंत नर्गिसपासून पुढील नायिकांनीं घातलेले पोषाख वर्षानुवर्षें जपून ठेविले होते. १६ सप्टेंबर २०१७ रोजीं तेथें आग लागली, मुख्य चित्रणगृह खाक झालें आणि त्याबरोबर ते पोषाखहि गेले. दोन वर्षांच्या आंत, २०१९ सालीं, ती जागा विकली गेली. ज्याचें धन त्याच्या घरीं जळालें, आणि ज्या मळ्याचा मालक बदलला त्या मळ्यांत आठवण राहिली!

यावर एखादा व्यवहारी गृहस्थ म्हणेल, "गेले पोषाख तर गेले. चित्रपट तर आहेत ना? पडद्यावर नायिका दिसते तेवढें पुरे. तिच्या लुगड्याचें काय करावयाचें?" हा प्रश्न वरवर पाहतां बिनतोड वाटतो. परंतु तो एका चुकीच्या समजुतीवर उभा आहे. चित्रपट टिकतो आणि त्याभोंवतालची कागदपत्रें, तिकिटें, पुस्तिका, खेळणीं हीं मात्र क्षणभंगुर असतात, अशी ही समजूत. आपल्या देशाचा अनुभव पुष्कळ ठिकाणीं याच्या अगदीं उलट आहे.

भारतांतील पहिला बोलपट 'आलम आरा'. तो १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत लागला, आणि गर्दी आवरण्यास पोलीस बोलवावे लागले. त्या चित्रपटाची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. त्यांतील एक वाक्य किंवा एक सूर मूळ रिळावरून आज कोणास ऐकतां येत नाहीं. शिल्लक काय राहिलें? कांहीं छायाचित्रें, जाहिराती आणि चित्रगृहाच्या दारांत विकली गेलेली चिटुकली पुस्तिका. गाणीं कोणतीं होतीं, नटनटी कोण होत्या, कथा काय होती, हें सारें त्या चतकोर कागदांनीं सांगावें अशी वेळ आली आहे. लक्षावधि रुपयांचा हत्ती निघून गेला आणि त्याच्या गळ्यांतली घंटा तेवढी हातीं राहिली. म्हणून या चिल्लर वस्तूंचा इतिहास म्हणजे केवळ एका छंदाची हकीकत नव्हे. तो आपल्या स्मृतीचा इतिहास आहे.

हा इतिहास आरंभापासून पाहूं लागलें तर तो चित्रपटाच्याहि आधीं सुरू होतो. १८९४ सालीं राजा रविवर्मा यांनीं मुंबईस शिळाछापाचा छापखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला गेला. तोंवर देवांचें रंगीत चित्र घरांत लावणें ही श्रीमंतांची चैन होती. या छापखान्यानें लक्ष्मी, सरस्वती आणि रामपंचायतन गोरगरिबांच्या भिंतीवर आणून बसविलें. याच छापखान्यासाठीं कांहीं काळ ठसे तयार करण्याचें काम करणारे त्र्यंबकेश्वरचे एक कलावंत होते. त्यांचें नांव धुंडिराज गोविंद फाळके. कागदावर देव छापतां छापतां त्या देवांनीं हालावें-चालावें असें या माणसास वाटलें, आणि त्यांतून 'राजा हरिश्चंद्र' जन्मास आला. ३ मे १९१३ रोजीं तो गिरगांवांत कॉरोनेशन चित्रगृहांत दाखविण्यांत आला. म्हणजे भिंतीवरचें चित्र आणि पडद्यावरचें चित्र हीं आपल्याकडे एकाच घरचीं भावंडें होत. पुढें तीं एकमेकांस कधीं अंतरलीं नाहींत. पडद्यावरचा देव पुनः कागदावर उतरला आणि दिनदर्शिका, काडेपेटीचे छाप, अगरबत्तीचीं वेष्टणें यांवरून घरोघर फिरला.

'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा होता. आज त्याचीं पहिलें व शेवटचें अशीं दोनच रिळें पाहावयास मिळतात. आणि तींहि मूळचीं नसून फाळके यांनीं १९१७ च्या सुमारास तीच कथा पुनः चित्रित केली तेव्हांचीं असावींत, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. मळवलीचा छापखानाहि १९७२ सालीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. परंतु त्या छापखान्याचीं चित्रें मात्र अजून सांपडतात, कारण तीं एका कोठारांत नव्हतीं. हजारों देवघरांत विखुरलेलीं होतीं. जें एका ठिकाणीं सांठविलें तें एका रात्रींत गेलें, आणि जें लोकांनीं आपापल्या खिळ्याला टांगलें तें उरलें. संग्रहाच्या शास्त्रांतला पहिला धडा हाच आहे.

फाळके यांच्यामागून कोल्हापुरास बाबूराव पेंटर पुढें आले. हे मूळचे चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवितां रंगवितां त्यांनीं 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' उभारिली आणि १९२० सालीं 'सैरंध्री' हा चित्रपट काढला. चित्रपटाची जाहिरात ही देखील कलाकृति असावी हें त्यांनीं ओळखलें. नुसत्या अक्षरांच्या पत्रकाऐवजीं रंगीत प्रसंगचित्र भिंतीवर लावण्याची प्रथा आपल्याकडे रुजविण्याचें श्रेय त्यांस दिलें जातें. १९२४ च्या त्यांच्या 'कल्याण खजिना' या चित्रपटाचें भित्तिपत्रक हें आज उरलेल्या भारतीय सचित्र भित्तिपत्रकांत सर्वांत जुनें मानलें जातें. कल्याणचा खजिना लुटला गेला त्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. पण हा चित्रपटरूपी खजिना काळानें असा लुटला कीं त्यांतला एक कागद तेवढा मागें राहिला.

नंतर आली 'प्रभात'. १९२९ सालीं कोल्हापुरास स्थापन झालेली ही कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली. तुतारी फुंकणारी स्त्री ही तिची मुद्रा. ती पडद्यावर दिसतांच प्रेक्षागृहांतील कुजबूज थांबत असे. १९३६ चा 'संत तुकाराम' पुढल्या वर्षीं व्हेनिस येथील महोत्सवांत गौरविला गेला. या काळांत बोलपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका घरोघर पोंचल्या. चित्रगृहाच्या आवारांत एक-दोन आण्यांना मिळणारी ही पुस्तिका मोठी गंमतीची वस्तु आहे. आरंभीं नटांचीं नांवें, मग कथेचा सारांश, आणि शेवटीं गाणीं. सारांश मात्र मुद्दाम अर्धवट सोडलेला असे. नायक दरीच्या कांठावर उभा आहे आणि खलनायक मागून येत आहे, इतकें सांगून पुस्तिका म्हणे कीं पुढें काय झालें तें रुपेरी पडद्यावरच पाहावें! लोक ती विकत घेत तें गाणीं पाठ करण्यासाठीं. स्वयंपाकघरांतल्या डब्याआड, पेटीच्या तळाशीं, भावगीतांच्या वहींत ती दुमडून ठेवलेली असे.

या पुस्तिकांचा एकंदर उपयोग काय, हें कळण्यास कानपूरचें एक उदाहरण पुरेसें आहे. हरमंदिरसिंग 'हमराज' या गृहस्थांनीं हिंदी चित्रपटगीतांचा कोश करण्याचें मनावर घेतलें आणि १९८० पासून त्याचे खंड एकामागून एक प्रसिद्ध केले. कोणत्या चित्रपटांत कोणतें गाणें, तें कोणीं लिहिलें, कोणीं गाइलें, संगीत कोणाचें, ही माहिती त्यांनीं जुळविली ती पुष्कळ अंशीं अशाच पुस्तिकांवरून व ध्वनिमुद्रिकांवरून. ज्या चित्रपटांची प्रत जगांत नाहीं त्यांचीं गाणीं कोशांत नांवानिशीं नोंदलीं गेलीं. कोणा अनामिक श्रोत्यानें एक आणा खर्च करून घेतलेला कागद फेकला नाहीं म्हणून हें शक्य झालें.

आतां हें सारें गेलें कसें तें पाहूं. चित्रपटाची जुनी फीत नायट्रेट सेल्युलॉइडची असे. हें द्रव्य भयंकर ज्वालाग्राही. एकदां पेटलें कीं पाण्यानेंहि विझत नाहीं. १९५०-५१ च्या सुमारास तें मागें पडलें आणि न पेटणारी फीत आली. परंतु आगीहून अधिक नुकसान बाजारानें केलें. चित्रपटाचा पैसा वसूल झाला कीं निर्मात्याच्या दृष्टीनें रीळ म्हणजे अडगळ. त्यावरच्या लेपांत चांदी असते. ती धुऊन काढावयाची आणि उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्या किंवा पिशव्या करावयाच्या, असा व्यापार आपल्याकडे चालत असे. कोण जाणे, एखाद्या सीतेचा वनवास चुडीबाजारांत जाऊन संपला असेल! तेराशेंहून अधिक मूकपट या देशांत निघाले असें सांगतात. त्यांपैकीं तीस देखील आज उरलेले नाहींत.

सेल्युलॉइडची आणखी एक गंमत आहे. ज्या द्रव्याची फीत बनत असे त्याच द्रव्याच्या बाहुल्याहि बनत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत जपानांतून हलक्या, गुळगुळीत, रंगीत सेल्युलॉइडच्या बाहुल्या जगभर जात. अमेरिकेंत १८ नोव्हेंबर १९२८ रोजीं वॉल्ट डिस्ने यांचा मिकी उंदीर बोलक्या चित्रपटांत प्रथम झळकला, आणि दोन वर्षें झालीं न झालीं तों त्याच्या बाहुल्या दुकानांत आल्या. १९३३ सालीं इंगरसोल कंपनीनें मिकीचें घड्याळ काढलें. त्यांत उंदराचे दोन हात हेच तासकांटा व मिनिटकांटा होते. पडद्यावर पाहिलेला मित्र घरीं न्यावा ही मुलाची ओढ सर्वत्र सारखीच. अमेरिकेनें त्या ओढीचा कारखाना केला. तो किती थरास गेला हें १९७७ सालीं दिसलें. 'स्टार वॉर्स' हा चित्रपट इतका अनपेक्षित चालला कीं नाताळापर्यंत खेळणीं तयार होईनात. तेव्हां केनर कंपनीनें पुठ्ठ्याचें रिकामें पाकीट विकावयास काढलें. आंत खेळणें नव्हतें. तें पुढें टपालानें पाठवूं, असें वचन होतें. आईबापांनीं तें वचनहि विकत घेतलें, आणि आज तें रिकामें पाकीटच संग्राहकांच्या शोधाची वस्तु होऊन बसलें आहे.

आपल्याकडचें मूल एवढें भाग्यवान नव्हतें. पण तें अधिक कल्पक होतें. चित्रगृहाच्या यंत्रघरांतून तुटलेल्या फितीचे तुकडे बाहेर पडत. ते मुलांच्या खिशांत जात. एक तुकडा म्हणजे एक गोटी, नायिकेचा असेल तर दोन, आणि मारामारीचा असेल तर भाव विचारूंच नये! बुटाच्या खोक्यास भोंक पाडावयाचें, त्यांत बाहेरचें भिंग बसवावयाचें, आरशानें ऊन आंत घ्यावयाचें आणि माजघराच्या भिंतीवर हालचालीवांचूनचा चित्रपट दाखवावयाचा. रेल्वेस्टेशनावर वजनाचें यंत्र असे. त्यांत नाणें टाकलें कीं जाड तिकीट खालीं पडे. एका बाजूस वजन आणि भविष्य, दुसऱ्या बाजूस एखाद्या नटाचें वा नटीचें चित्र. वजन वाढावें अशी कोणाची इच्छा नसे. पण तिकिटांचा संच पुरा व्हावा म्हणून मुलें पुनः पुनः यंत्रावर चढत. काडेपेटीचे छाप गोळा करणें हाहि त्यांतलाच प्रकार.

या मुलांतल्याच एकाची गोष्ट पुण्याच्या इतिहासांत येऊन मिळाली आहे. त्रिवेंद्रमचा एक मुलगा चित्रपट पाहून आल्यावर तिकिटाचा तुकडा फेकीत नसे. तो जपून ठेवी. घरच्यांस हें वेड वाटे. हाच मुलगा पुढें पी. के. नायर या नांवानें प्रसिद्धीस आला. १९५३ सालीं 'प्रभात' बंद पडली. तिच्या जागेंत १९६० सालीं सरकारनें चित्रपटशिक्षणाची संस्था काढली आणि १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यास स्थापन केलें. १९६५ पासून १९९१ पर्यंत नायर यांनीं या संग्रहालयासाठीं गांवोगांव वणवण केली. फाळके यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन', ज्यांत त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती, तो फाळके-परिवाराकडून मिळालेल्या तुकड्यांतून जुळविण्याचें काम त्यांचेंच. रिळांइतकीच आस्था त्यांनीं भित्तिपत्रकें, पुस्तिका आणि छायाचित्रें यांविषयीं दाखविली. २०१६ सालीं पुण्यासच त्यांचें निधन झालें. तिकिटाचा तुकडा जपणाऱ्या मुलास वेळींच कोणी दरडावून गप्प केलें असतें, तर आपल्या चित्रपटांचा इतिहास किती दरिद्री झाला असता, याची कल्पनाच करावी.

तरीहि काळ आपला वाटा सोडीत नाहीं. ८ जानेवारी २००३ रोजीं याच पुण्यांत, 'प्रभात'च्या जुन्या आवारांतील कोठीस आग लागली आणि तेथें ठेवलेलीं नायट्रेटचीं सतराशेंच्या घरांतील रिळें भस्म झालीं. कांहींच्या नकला सुरक्षित फितीवर आधींच करून ठेविल्या होत्या म्हणून अनर्थ थोडा सावरला. परंतु मूळ तें मूळच.

येथें एक अप्रिय गोष्ट सांगणें भाग आहे. हें जें गेलें त्याचा दोष केवळ आगीवर, व्यापाऱ्यांवर किंवा सरकारवर टाकून चालणार नाहीं. सुशिक्षित घरांचाहि त्यांत वांटा आहे. फाळके यांस तारामतीच्या भूमिकेसाठीं स्त्री मिळाली नाहीं. अण्णा साळुंके नांवाच्या उपहारगृहांतील एका तरुणास लुगडें नेसवून त्यांस वेळ निभवावी लागली. ज्या समाजांत चित्रपटांत काम करणें अब्रूचें नव्हतें, त्या समाजांत चित्रपटाचा कागद जपणें शहाणपणाचें कोठून ठरणार? पांढरपेशा घरांनीं वर्तमानपत्रांच्या फायली बांधल्या, मासिकांचे अंक क्रमवार लावले, पोथ्या रेशमी रुमालांत ठेविल्या. आणि गाण्यांची पुस्तिका सांपडली कीं मुलाचा कान पिळून ती बंबांत घातली. जें उरलें तें पुष्कळदां केशकर्तनालयांच्या भिंतींवर, पानाच्या ठेल्यांत, तिकीट विकणाऱ्याच्या माळ्यावर आणि पाठ्यपुस्तकाच्या आड लपवून ठेवणाऱ्या मुलांच्या दप्तरांत. ज्यांस इतिहासाचें शिक्षण होतें त्यांनीं टाकलें, आणि ज्यांस आवड तेवढी होती त्यांनीं राखलें.

चित्रकथांच्या बाबतींत हीच चूक पुनः झाली. मार्च १९६४ मध्यें टाइम्स ऑफ इंडियानें 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलें आणि जंगलांत राहणारा वेताळ मराठी मुलांच्या ओळखीचा झाला. १९६७ सालीं अनंत पै यांनीं 'अमर चित्र कथा' काढली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांनीं तींतले राम-कृष्ण आणि शिवाजी असे रेखाटले कीं एका पिढीच्या मनांत त्या थोर पुरुषांचे चेहरे तेच होऊन बसले. दिवाळींतल्या मातीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या रांगेंत मुलानें एखादा वेताळहि पहाऱ्यास उभा केला, तर त्यांत नवल तें काय? 'इंद्रजाल' १९९० सालीं बंद पडलें. परीक्षा जवळ आली कीं त्याचे अंक रद्दींत जात, हें कित्येक घरांत घडलें आहे. अमेरिकेंतहि हेंच झालें. जून १९३८ या तारखेचा 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, ज्यांत सुपरमॅन प्रथम आला, त्याची किंमत दहा सेंट होती. दुसऱ्या महायुद्धांत कागदाची टंचाई पडली आणि असल्या अंकांची रद्दी गोळा करून लगदा केला गेला. आतां त्या अंकाच्या प्रती शंभराच्या आसपास उरल्या असाव्यात असें मानतात. त्यांतील एक २०२४ सालीं साठ लाख डॉलरांस विकली गेली. म्हणजे तिची किंमत तिच्यामुळें वाढली नाहीं. नष्ट झालेल्या लाखों भावंडांमुळें वाढली!

किंमतीचा विषय निघाला म्हणजे लोभहि येतोच. मुंबईच्या चोरबाजारांत मटन स्ट्रीटवर आणि पुण्याच्या जुन्या बाजारांत पूर्वीं शेरावर मिळणारा कागद आतां लिलावांत जातो. त्याबरोबर नकलाहि आल्या. चहाच्या पाण्यांत बुडवून कागद पिवळा करणें आणि कडा मुद्दाम फाडणें या युक्त्या जुन्याच आहेत. १९३०-४० च्या सुमाराचें शिळाछापाचें म्हणून दाखविलेलें भित्तिपत्रक भिंगाखालीं धरावें. रंग सलग किंवा खरबरीत दाणेदार दिसला तर तें खरें असण्याचा संभव; बारीक ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर ती अलीकडची छपाई समजावी. परंतु ज्यास विकावयाचेंच नाहीं त्यास ही चिंता कशाला? संग्राहक आणि व्यापारी यांतला भेद हाच कीं, व्यापारी वस्तूस "काय मिळेल?" असें विचारतो आणि संग्राहक तिला "तूं कोठून आलीस?" असें विचारतो.

पुण्याला या दुसऱ्या प्रश्नाची थोर परंपरा आहे. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता करणारे दिनकर गंगाधर केळकर यांनीं अडकित्ते, दिवे, दौती, कुलुपें, बाहुल्या अशा घरगुती वस्तू गोळा करण्यांत आयुष्य वेंचलें. बालपणींच निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाचें नांव त्यांनीं संग्रहालयास दिलें. अडकित्ता कोण जपतो, असें त्यांसहि लोकांनीं विचारलें असेल. आज त्या अडकित्त्यांपुढें परदेशांतले पंडित उभे राहतात. जो न्याय अडकित्त्यास तोच पुस्तिकेस आणि तिकिटास कां नसावा?

जपणें अवघड नाहीं. जुन्या कागदास चिकटपट्टी लावूं नये. ती कालांतरानें डाग पाडते व कागद खाते. प्लॅस्टिकचें आवरण यंत्रानें कायमचें चिकटवूं नये, कारण तें पुनः निघत नाहीं. घडी शक्य तितकी उलगडून, ऊन व ओल टाळून, कागदामागें कागद घालून सपाट ठेवावें. पावसाळ्यांत बाहेर काढून पाहावें. जुन्या बायका पेटींत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालीत त्यांत शहाणपण होतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे वेगळ्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहून ठेवाव्या: हें कोणीं, कोठें, केव्हां आणलें. नांवगांव नसलेली वस्तु पोरकी होते. मात्र जुन्या चित्रपटाचें रीळ सांपडलें तर तें घरांत बाळगूं नये. तें नायट्रेटचें असल्यास जिवावर बेतेल. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास कळवावें हेंच बरें.

लोणी काळभोरच्या राजबागेंत फिरणाऱ्या माणसानें हें सारें मनांत आणावें. तेथील पुतळे नवे आहेत; ते सुंदर असतील, पण ते साक्षीदार नव्हेत. खरे साक्षीदार चेंबूरच्या आगींत गेले. आतां राज कपूर यांच्या काळाचे जे साक्षीदार उरले आहेत ते स्टुडिओंत नाहींत, तर हडपसरच्या एखाद्या चाळींत, सदाशिव पेठेंतल्या माळ्यावर, सोलापूरच्या गिरणीकामगाराच्या पेटींत असण्याचा संभव अधिक. 'श्री ४२०' ची पुस्तिका असेल, 'बॉबी' चें तिकीट असेल, आईनें लग्नापूर्वीं वहींत चिकटवलेलें नर्गिसचें चित्र असेल.

दिवाळीच्या आधीं घर झाडण्याची आपल्याकडे चाल आहे. माळा उतरविला जातो, पत्र्याच्या पेट्या अंगणांत येतात, आणि दारांत रद्दीवाला तराजू घेऊन उभा राहतो. यंदा त्याच्या तराजूंत गठ्ठा टाकण्यापूर्वीं घरांतील वडील माणसानें दोरी सोडून एकदां आंत पाहावें, आणि नातवंडांस जवळ बसवून घ्यावें. "हे कोण?" असें तीं विचारतीलच.